‘हो’ म्हणली, तं मंग काय करा लागते?

वाचकाचं पत्र, नाव-गाव गाळून आणि थोडक्यात:

मी तीस वर्षांची आहे. बीएएमएसनंतर सहा महिन्यांचा कोर्स करून समुदाय आरोग्य अधिकारी झाले. तीन वर्षांपासून रामटेककडच्या एका उपकेंद्रात आहे, नागपूरहून रोज एसटीनं जाऊन-येऊन करते. मागच्या महिन्यात आमचं मानसिक आरोग्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तेच आता मी माझ्या सहा आशाताईंना शिकवायचं आहे, शनिवारही ठरला आहे. पण त्याआधीच एक घोळ झाला. मी उदासी तपासायच्या प्रश्नांचा कागद सहज दाखवला होता. त्यातले दोन प्रश्न एका आशाताईनं एकविसाव्या दिवसाच्या गृहभेटीत एका बाळंतिणीला विचारले. ती दोन्हींना ‘हो’ म्हणाली आणि रडायला लागली. आशाताई ‘होईल सगळं ठीक’ म्हणून बाळाचं वजन करून निघून आली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “म्याडम, विचारलं अन् हो म्हणली, तं मंग काय करा लागते?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. जे मलाच दोन दिवसांत नीट कळलं नाही, ते मी आठवी-दहावी झालेल्या बायांना काय शिकवणार? अर्धवट ज्ञानानं कोणाचं वाईट झालं तर? शिवाय गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. घेत नाही म्हटलं तर वरून नोटीस येईल. सह्या घ्याव्या, फोटो काढावा आणि मोकळं व्हावं असंही मनात येतं, मग स्वतःचीच लाज वाटते. काकू, काय करू?

उत्तर:

काकू म्हटलंस, तेव्हा अहो-जाहो करत नाही. शनिवारचं मागाहून बोलू. आधी ती बाळंतीण.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुझी काळजी आहे, नोटिशीची भीती आहे, लाजही आहे. ती बाई मात्र आशाताईनं झोळीचा काटा गुंडाळला तिथंच मागे राहून गेली. तिचं पुढं काय झालं, हे पत्रात कुठंच नाही. म्हणून हे उत्तर छापायच्या आधीच तुला कळवलं होतं की उद्याच जा. तुझ्यासारख्या इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून तेच इथं पुन्हा लिहिते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळजणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. एकविसाव्या दिवशीही कशात मन लागत नसेल तर ते नुसत्या धीरावर सोडायचं नसतं. तू आशाताईला सोबत घेऊन जा. निमित्त बाळाचंच सांग. सासू उंबऱ्यात बसलेली असणारच, तिच्या मांडीवर बाळ दे आणि आशाताईला तिच्याशी बोलत बसव. तू आत बस. बाळ झोपलं तरी हिला झोप लागते का, ते विचार. जेवण जातं का, ते विचार. मग सरळ विचार, “इतकं नकोसं होतं का, की मरून जावं वाटतं?” आणि मग, “बाळाबद्दल कधी भलतेसलते विचार येतात का?” दोन्हींपैकी एकालाही हो आलं तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करायचा, आणि डॉक्टरांनी बघेपर्यंत तिला एकटं सोडायचं नाही. रात्र-रात्र झोप नाही, बोलण्याला संगती नाही, कानात कोणी बोलतं, हे बाळ माझं नव्हेच असं ती म्हणत असेल, तर घरचे त्याला ‘बाहेरचं’ म्हणतील. तू १०८ लाव. ती तातडीची केस आहे, अंगाऱ्यात दोन दिवस घालवायची नाही.

यातलं काहीच नसेल तरी तिला केंद्रात आणायचं आहे. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघून घ्या, कारण अंगात रक्त नसलं तरी बाई अशीच गळून जाते. गोळी लागलीच तर दूध पाजताना चालणाऱ्या गोळ्या आहेत, त्या डॉक्टर ठरवतील. ‘गोळी घेतली की दूध तोडा लागते’ ही भीती मात्र घरी बसल्या-बसल्याच काढून टाक, नाहीतर सासू तिला केंद्रापर्यंत येऊच देणार नाही.

आता शनिवार.

तुझ्या पत्रातला ‘अर्धवट ज्ञान’ हा शब्द मला अडला. तू समजतेस की आशाताईनं विचारलं नसतं तर ती बाई सुरक्षित होती. तुझ्या गावात अशा बाईचं आज काय होतं? जीव घाबरते, हातपाय गळतात, झोप नाही, म्हणून ती दवाखान्यात जाते, आणि ‘कमजोरी आहे’ म्हणून तिला सलाईन लागते. दोन दिवस बरं वाटतं. मग बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन, मग मेडिकल स्टोअरमधून झोपेची गोळी, जी सुटता सुटत नाही. मधे कुठंतरी लिंबू उतरवून झालेलं असतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि त्यातले बहुतेक उपचाराविना होते. तुझं उपकेंद्र पाच हजार वस्तीचं धर आणि बोटांवर मोज. तेवढे लोक तुझ्या दारावरून रोज जातात.

दुसरं, ‘आठवी-दहावी झालेल्या बाया’. गडचिरोली तुझ्यापासून लांब नाही. अभय आणि राणी बंग दोघंही आपल्या नागपूरच्या मेडिकलचे. त्यांनी गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं आणि नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर घरातच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. अशा हातात सुई देण्याची कल्पना भल्याभल्यांच्या पचनी पडण्यासारखी नव्हती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले, त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, ही जी गृहभेट आज देशभरच्या आशा करतात ती त्या कामातून आली. म्हणजे तुझी आशाताई ज्या भेटीला गेली होती, तिच्या मुळाशीच ‘या बाया काय करणार’ या प्रश्नाचं उत्तर आहे.

फरक एवढाच, की आरोग्यदूताच्या पिशवीत जेंटामायसिन होतं. तुझ्या आशाताईच्या पिशवीत फक्त दोन प्रश्न होते.

माझी फजिती सांगते. मनोविकार विभागात समाजसेविका होते तेव्हा एकदा आशा आणि एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्स, मिळून चाळीसजणींचं प्रशिक्षण घेतलं. मे महिना, सभागृहात दोन कूलर, त्यांचा घरघराट माइकच्या वर. पडदे ओढून अंधार केला आणि चौऱ्याऐंशी स्लाइड दाखवल्या. स्किझोफ्रेनियाचे प्रकारसुद्धा सोडले नाहीत! आलूबोंडा आणि चहाच्या वेळी एक एएनएम जवळ आली, हळूच म्हणाली, “म्याडम, घरच्या माणसाले दाखवाचं असन तं?” मी तिला ओपीडीचे वार सांगितले आणि पुढच्या स्लाइडकडे वळले. ती नवऱ्याबद्दल बोलत होती की स्वतःबद्दल, हे मी विचारलं नाही, ते आजही टोचतं.

दोन महिन्यांनी त्यातल्याच एका केंद्रात गेले. तपासणीचे फॉर्म वजनकाट्याखाली टेकूसारखे ठेवले होते. उघडून बघितले तर टिका सगळ्या ‘नाही’च्या रकान्यात, एकाच पेनानं, वरून खाली रेघ ओढल्यासारख्या. मी चिडले. तिथल्या आशाताईला ओशाळं वगैरे काही वाटलं नाही. म्हणाली, “‘हो’ लिवलं तं तिच्या घरी पुन्हा जा लागते. अन् जाऊन काय सांगाचं?”

तुझ्या आशाताईचा आणि हिचा प्रश्न एकच आहे. माझीनं तो फॉर्मवर खोटं लिहून सोडवला, तुझीनं तोंडानं विचारला. आमची प्रशिक्षणं आजार ओळखण्यापासून सुरू होतात आणि पुढं काय करायचं ते शेवटच्या अर्ध्या तासात येतं, तोवर अर्ध्याजणींना शेवटच्या एसटीची घाई लागलेली असते. तू हा क्रम उलटा कर. ‘हो’च्या पुढचं सगळं आधी ठरव, ते ठरलं की मगच विचारायला शिकव. आणि शनिवारपर्यंत ठरलं नाही तर शनिवार पुढे ढकल. त्यासाठी नोटीस आलीच तर तिचं उत्तर लिहायला मी मदत करते.

‘दोन दिवसांत काय होतं’ असं तू म्हणतेस. रावळपिंडीजवळच्या खेड्यांतला एक प्रयोग यासाठी मला फार आवडतो. तिथल्या लेडी हेल्थ वर्कर म्हणजे आपल्या आशांच्या बहिणीच, माता-बालकांसाठी घरोघर फिरणाऱ्या. उदास असलेल्या गरोदर बायांना आपल्या नेहमीच्या भेटीतच कसं बोलतं करायचं, हे त्यांना शिकवलं. प्रशिक्षण किती दिवसांचं? दोनच. चार महिन्यांनी एक दिवस उजळणी. पण त्याशिवाय दर महिन्याला अर्धा दिवस सगळ्या एकत्र बसत आणि कुठं अडलं ते बोलत. भेटीही एक-दोन नव्हत्या, बाळंतपणाआधीच्या महिन्यापासून पुढं जवळपास वर्षभर मिळून सोळा. २००८ मध्ये निकाल छापून आला. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा नेहमीच्या भेटी मिळालेल्या बायांपैकी ५३ टक्के अजून उदासच होत्या, या गटात २३ टक्के. दोन दिवस तुलाही मिळाले. तो महिन्याचा अर्धा दिवस मिळाला नाही, आणि तुझ्या आशांनाही कोणी देणार नाही. तो तुलाच काढावा लागेल.

म्हणून शनिवारच्या आधी काही फोन कर. पहिला तुझ्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना. ‘माझ्याकडून कोणी आली तर तुम्ही स्वतः बघाल का, आणि कोणत्या वारी, किती वाजता’ एवढंच विचार. ‘कधीही पाठवा’ असं उत्तर आलं तर ते मानू नकोस, वार आणि वेळ घे. दुसरा फोन केंद्राच्या औषधनिर्मात्याला. उदासीवरची एस्सिटालोप्रॅम किंवा फ्लूओक्सेटिन गोळी आहे का, महिनाभर पुरेल का? या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन ‘पुढच्या नागपूरला घ्या’ म्हटलं तर बाई ऐन गुण यायच्या वेळी सोडून देते आणि गावात ‘त्या गोळीनं काही होत नाही’ असं होऊन बसतं. ऐंशीच्या दशकात बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात हे काम उभं केलं. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. बेल्लारीत डॉक्टर-कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालं हे सगळे सांगतात. गोळ्या केंद्रातच मिळत आणि दर महिन्याला आढावा होई, हे सांगायचं राहून जातं. तिसरा फोन आपल्या जिल्ह्याच्या त्या कार्यक्रमाच्या टीमला, तुझ्या तालुक्यात ते कुठं आणि कोणत्या वारी बसतात ते विचारायला. आणि १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आशांना द्यायच्या आधी तू स्वतः लावून बघ. मराठीसाठी काय दाबावं लागतं, किती वेळ थांबावं लागतं, उचलणारा काय विचारतो, हे तुला माहीत हवं. न वापरलेला नंबर दुसऱ्याला देऊ नये, असं माझं आपलं मत.

हे सगळं एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंस की तुझं निम्मं प्रशिक्षण झालं.

शनिवारी प्रोजेक्टर मागवू नकोस. सहाजणी आहेत, सतरंजीवर गोल बसा. पहिला तास त्यांच्या स्वतःच्या झोपेबद्दल, त्यांच्या टेन्शनबद्दल बोला. हे मी गोडवा म्हणून सांगत नाही. मानधन वेळेवर नाही, पावसाळ्यात फवारणी-सर्वे, घरी नवरा विचारतो इतकं फिरून आणतेस काय, आणि त्यावर आता ‘गावाचं मनही तुम्हीच बघा’. माझी या सगळ्या योजनांवर हीच तक्रार आहे. डॉक्टर कमी पडले की काम नर्सकडे, नर्स कमी पडली की आशाकडे. मोबदला मात्र सरकताना दिसत नाही. त्या रागावल्या तर रागावू दे, मधे बोलू नकोस. त्यातल्या एखादीचंच घर सध्या पेटलेलं असेल. तिला हे काम सहा महिने नको असेल तर नको. पाचजणी पुरतात.

मग भाषा. त्या कागदावर लिहिलंय, ‘गेल्या दोन आठवड्यांत आपणांस निरुत्साही, उदास वा निराश वाटले का?’ आपल्याकडे कोणाला निरुत्साही वाटतं? आपल्याकडे करमत नाही. मन लागत नाही. जीव घाबरते. डोक्सं भणभणते. आशांनाच विचार, ‘हे तुमच्या गावात कसं म्हणतात?’ आणि त्या सांगतील ते फळ्यावर लिही. नेपाळमध्ये काम करणाऱ्यांनी एक बारकी गोष्ट टिपली आहे. तिथं लोक ‘मन’ आणि ‘दिमाग’ वेगळे मानतात. मनाला लागलं तर कोणालाही लागू शकतं, दिमाग बिघडला म्हणजे माणूस वाया गेला. आपलंही तेच आहे. नागपूर जिल्ह्यात ‘मानसिक’ शब्द काढला की समोरच्याच्या डोळ्यांपुढं पागलखाना चौक उभा राहतो, ऑटोवाला ओरडतो तसाच. प्रादेशिक मनोरुग्णालयातली माणसं कितीही चांगलं काम करोत, चौकाचं नाव काही बदलत नाही. म्हणून पहिल्या भेटीत ‘मानसिक तपासणी’ म्हणायचं नाही. झोपेचं विचारायचं, करमण्याचं विचारायचं. आजाराचं नाव पुढं डॉक्टर सांगतील, तेव्हा ते लपवायचंही नाही.

आणखी एक शब्द सांभाळायला लाव, ‘औषध’. सुरुवातीला एका गावात मी एका कास्तकाराच्या बायकोला विचारलं, “यांनी औषध घेतलं का?” तिचा चेहरा पांढरा पडला, हातातलं सूप तसंच खाली ठेवून ती आत धावली. आपल्याकडे कपाशीवर मारतात तेही औषधच आणि ‘औषध घेतलं’ म्हणजे काय ते प्रत्येक घराला माहीत आहे. गोळीला गोळीच म्हणायचं.

त्या विषयावर आशा सगळ्यात जास्त घाबरतील. मरणाचं विचारलं तर त्या विचाराला वाट करून दिल्यासारखं होईल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, हे आता पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटल्यासारखा बोलतो. पण प्रश्न घशातून निघायला हवा, त्याला सराव लागतो. दोघी-दोघींच्या जोड्या कर आणि तो एकच प्रश्न प्रत्येकीला पाच-पाच वेळा मोठ्यानं म्हणायला लाव. पहिल्या वेळी हसतील. तिसऱ्या वेळी कोणी हसत नाही. आणि ‘पोलीस केस होईल का’ हे विचारतीलच. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तर आधीच सांगितलं होतं, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याची काळजी घ्यायची. नुसता मनात विचार येतो म्हणून तर कोणावर केस होतच नाही. घरात फवारणीचं औषध असेल तर ते तेवढ्या दिवसांपुरतं भावाकडे, शेजारी, कुठंही बाहेर हलवायचं, हे त्याच दिवशी करायचं काम.

उरलेला वेळ तुझ्या आशाताईच्या प्रश्नाला दे. ‘हो’ म्हणली, तं मंग काय करा लागते? आधी काही करायचं नाही, बसायचं. ‘होईल ठीक’ म्हणायचं नाही, ‘तुझ्यापेक्षा त्या अमकीचं बघ’ तर अजिबात नाही. ती रडत असेल तर रडू द्यायचं. बाळंतिणीनं रडू नये म्हणून सासू आतून ओरडेल, तिला ‘थांबा माय, मोकळं होऊ द्या’ म्हणायचं. मग, ‘तू सांगितलं ते बरं केलं, यावर गुण येतो, मी तुले म्याडमकडे नेतो’ एवढंच. (आपल्याकडच्या बाया ‘नेतो’च म्हणतात, त्यांना ‘नेते’ शिकवू नकोस.) आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं, गोळी सुरू असो वा नसो. आशानं सल्ला द्यायचा नाही, आजाराचं नाव सांगायचं नाही. तेवढं सोडलं की तिला येणारं काम भरपूर उरतं.

सौम्य उदासीत करण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात शिकव. मन लागलं की काम करीन, असं उदास माणूस म्हणतो. काम थोडं सुरू केलं की मन मागून येतं, हे त्याला अनुभवायला लावायचं. पूर्वी जे आवडायचं त्यातलं एकच, अगदी लहान. अंगणात सडा, बहिणीला फोन, देवळापर्यंत चक्कर. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून साध्या शिकलेल्या समुपदेशकांनी याच धर्तीवर सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या ६४ टक्के लोकांची तीव्र उदासी उतरली होती, नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. तिथंही तीच गंमत. हे समुपदेशक एकमेकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकत आणि कुठं चुकलं ते एकमेकांनाच सांगत.

गाव कुजबुजेल, ही तुझी भीती खरी आहे, पण तिचा रोख चुकतोय. तुझ्या आशांना गावातलं काय माहीत नाही? कोणी तांबी बसवली, कोणाची पिशवी खाली करून आणली, कोणाला टीबी आहे, कोणाचा नवरा मारतो. हे सगळं त्या वर्षानुवर्षं पोटात ठेवून आहेत. मला काळजी वाटते ती रजिस्टरची. उपकेंद्राच्या टेबलावर ‘मानसिक रुग्ण नोंदवही’ असं ठळक लिहिलेलं, आत नाव-वय-पत्ता, आणि बीपी मोजायला आलेला माणूस चाळत बसलेला. ते आधी कपाटात टाक आणि किल्ली तुझ्याजवळ ठेव. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव नको, फोटो नको.

एक मर्यादाही सांगून ठेव. करमत नाही म्हणणाऱ्या दहा बायांपैकी काहींच्या घरात रोज दारू येते, काहींच्या सातबाऱ्यावर बोजा आहे. गोळीनं बोजा उतरत नाही, आणि आशानं तसं भासवूही नये. पण झोप लागलेली बाई बँकेत जाऊन भांडू शकते, माहेरी निरोप धाडू शकते, हे मी पाहिलं आहे. आपल्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून हेच काम केलं. उदासीनं आजारी असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, नंतर २७.२ टक्के झाले. म्हणजे शंभरातले बहात्तर-त्र्याहत्तर तरी आलेच नाहीत. तुझ्या गावात वर्षाअखेरीस दहातल्या दोन-तीनजणी आल्या तर ‘माझं चुकलं’ असं पत्र मला पाठवू नकोस.

सह्या आणि फोटोचा विचार मनात आला म्हणून लाज बाळगू नकोस, मीही चौऱ्याऐंशी स्लाइड दाखवून वेगळं काही केलं नव्हतं. नुसतं ‘नाही’ म्हणून दुसऱ्या कोणावर ढकललंस तर बहुतेक तेच होईल, फक्त सही दुसऱ्याची असेल. फोटो काढ, वर पाठव. फक्त त्या दिवशी उठण्याआधी पुढच्या महिन्याची तारीख ठरव. आशांची मासिक बैठक असतेच. अहवाल झाला की अर्धा दिवस थांबायचं, प्रत्येकीनं एकच गोष्ट सांगायची, जिथं तिला काय बोलावं ते सुचलं नाही. तुलाही सुचलं नाही तर तिथूनच डॉक्टरांना किंवा १४४१६ ला फोन लावायचा, सगळ्यांसमोर, स्पीकरवर, नाव न घेता. म्याडमलाही विचारावं लागतं, हे त्यांनी बघितलेलं बरं.

आणि ज्या आशाताईनं तो प्रश्न विचारला, तिला शनिवारी तुझ्या बाजूला बसव. बाळंतिणीकडं तुम्ही दोघी दुसऱ्यांदा गेलात तेव्हा काय झालं, ते तिलाच सांगू दे. तू मधे बोलू नकोस.